दाराच्या आतली बाजू

पुणे

चि. मनूस,


आप्पांच्या पद्मिनीची दारं तू येत्या सुट्टीत खोलणार आहेस, असं ताईनं सांगितलं. फार बरं वाटलं. इंजिन आणि रंग यांचे हौशी पुष्कळ भेटतात. आतल्या पॅनेलांची नि स्क्रूंची आठवण मात्र पैसे आणि उत्साह दोन्ही संपल्यावर होते.

गाडी १९७४ची, म्हणजे या गाडीचं प्रेसिडेंट हे नाव बदलून पद्मिनी झालं त्याच सालची. पन्नाशी उलटल्यामुळे २०२१च्या नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. त्या नियमांचा भर चॅसी, बॉडी आणि इंजिन यांवर आहे, दाराची क्लिप बघायला कुणी येणार नाही. पण गाडी बनली त्या कुर्ल्याच्या कारखान्यात दाराचं पॅनेल कसं बसवलं होतं, हे आता त्या गाडीच्या अंगावरच काय ते उरलंय. म्हणून घाईनं काही काढू नकोस, काही टाकू नकोस आणि पत्र्याला नवं भोक तर मुळीच पाडू नकोस.

काचेचा हँडल आधी काढ. मागची चकती पॅनेलकडे दाबून धरलीस की दांड्यातली आडवी पिन दिसेल. बारीक पंचानं ती हलकेच ठोकायची. मग पॅनेल. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटायचं नाही. रुंद, चपटी लाकडी पट्टी क्लिपच्या अगदी शेजारी सरकव आणि एकेक क्लिप सोडव. दोन क्लिपांच्या मध्ये जोर दिलास तर पॅनेलचा हार्डबोर्ड फाटतो आणि क्लिप पत्र्यातच राहते.

खालच्या कडेला पॅनेल फुगलेलं, पापुद्रे सुटलेलं निघेल. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोकळीत उतरून तळाच्या भोकांतून बाहेर पडावं, अशीच रचना असते. ती भोकं मातीनं बुजली किंवा पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद कुणी फाडून टाकला, की आपल्याकडच्या एकदोन पावसाळ्यांत हार्डबोर्ड पाणी पितो आणि पत्रा आतून सडायला लागतो. तेव्हा आधी भोकं मोकळी कर, गंज खरवडून प्रायमर लाव आणि नवा कागद नीट चिकटव. पॅनेलवरच्या रेक्झिनचा विचार त्यानंतर. कुजलेलं पॅनेल जपून ठेव, नव्याचा साचा तोच. जाडीही तेवढीच हवी. मजबुतीच्या हौसेनं जाड प्लाय घेतलास तर क्लिपा पत्र्यापर्यंत पोचत नाहीत आणि हँडलची पिन बसत नाही. कापून झाल्यावर मागच्या बाजूला आणि चारही कडांना वॉर्निश दे.

आता जे नीट सांगायचं आहे ते. स्क्रू, वायसर, साधे बोल्ट खुशाल झिंक प्लेटिंगला दे. पोलादी स्प्रिंग क्लिपा मात्र देऊ नकोस, गंज काढायला व्हिनेगरमध्येही बुडवू नकोस. आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन सुटतो, तो कडक पोलादात शिरतो. क्लिप दिसायला झकास दिसते आणि दाराला दाबून बसवताना काडकन मोडते. प्लेटिंगनंतर लगेच काही तास भट्टीत तापवून हा दोष घालवता येतो, पण मूठभर क्लिपांसाठी तेवढं कोण करून देतं? तारेच्या ब्रशनं घास, झिंक प्रायमरचा पातळ हात दे, बस. क्रोमचे हँडलही आम्लापासून दूर ठेव. आतला धातू बहुधा जस्ताचा ओतीव असतो आणि आम्ल जस्त खातं. साबणाचं कोमट पाणी पुरे.

गाडी मूळ फियाटची, इटलीची, त्यामुळे बोल्टांचे आटे मेट्रिक. पण पन्नास वर्षांत कुठल्या गॅरेजात कुणी कुठला बोल्ट पिळून बसवला असेल, नेम नाही. हातानं दोन-तीन आटे सहज फिरले नाहीत तर पाना लावू नकोस. भोक सैल झालं असेल तर जाड स्क्रू न घुसवता मागं स्प्रिंग नट सरकव. स्टेनलेसचे चकचकीत स्क्रू दुकानदार आग्रहानं देतील. त्या जुन्या रेक्झिनवर ते डोळ्यांना खुपतात, मला तरी मुळीच आवडत नाहीत. कमी पडेल ते बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात बघू, नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाऊ. जाताना नमुना खिशात हवा.

डावं पुढचं दार आधी पूर्ण कर. तोवर उजव्याला हात लावू नकोस. बसवताना काही अडलं, तर बघायला एक दार जसंच्या तसं असलं पाहिजे.

तुझा,
मामा