ज्याच्या पाठोपाठ गूळ, त्याचंच धरतं मूळ

पोरी, घर आणि गोठा एकदमच हाती आलाय तुझ्या, म्हणून चार गोष्टी कानात सांगते. लेकरू असो की म्हैस, सवय आपल्या बोलण्यानं लागत नाही. वागण्यापाठोपाठ काय मिळालं, त्यानं लागते.

१. म्हैस ठरल्या वेळी पिळ. आधी पेंड, मग कास धुणं, मग बादली, हा क्रम मोडू नकोस — पुढं पुढं बादलीच्या कडीचा आवाज ऐकूनच ती पान्हा सोडते. रशियातल्या पावलोव्ह या शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांना खाणं तोंडात पडायच्या आधीच लाळ सुटायची, ती गोष्ट हीच.

२. काठी गोठ्याबाहेर ठेव — भ्यालेली म्हैस पान्हा चोरते, आणि धाक मनात बसला की बादली दिसताच आखडते.

३. राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या गर्दीत फुगा घ्यायचाच असेल, तर लेकरू हट्टानं लोळायच्या आधी घे — लोळल्यावर घेतलास, तर गूळ लोळण्याला मिळाला.

४. नाही म्हटलंस की टिकून राहा. आधी रडं वाढेल, मगच उतरेल. दहादा नाही म्हणून अकराव्यांदा देऊ नकोस — कधी मिळतं, कधी नाही, अशी सवय सगळ्यात चिवट. अमेरिकेतल्या स्किनर या मानसशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात पेटीतल्या उंदरांवर हेच पाहिलं: कळ दाबल्यावर अधूनमधून दाणा मिळालेला उंदीर दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ ती दाबत राहतो. तू घडीघडी मोबाइल उघडून बघतेस ना, तेही त्यातलंच बरं का.

५. जावईबापूंनी स्वतःहून ताट उचललं तर तिथल्या तिथं बरं म्हण, कालची तक्रार तेव्हा काढू नकोस — शाबासकी ताजी, तर सवय राजी.

६. लेकरावर हात उगारू नकोस — मारानं चूक सुटत नाही, ती तुझ्यापासून लपवायची अक्कल तेवढी येते.

७. जालन्यात नळाला पाण्याआधी हवेचा सुस्कारा आला की सगळं घर न सांगता हंड्यांकडे धावतं. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळीलाही असाच इशारा जोड, सकाळच्या चहाच्या बशीशेजारी ठेव — आठवण करून देणारं माणूस थकतं, चहा रोज येतो.

८. धाकटा शेळीला भितो, तर हात धरून तिच्यापुढं ढकलू नकोस. त्याला मोसंबीची फोड दे, शेळी अंगणाच्या पार त्या टोकाला बांध, आणि तो मजेत खातोय असं दिसलं तरच दुसऱ्या दिवशी हातभर अलीकडे आण. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या पोराची सशाची भीती याच रीतीनं घालवली. मात्र घाई नको — शेळी लवकर जवळ आली, तर लेकरू उलट मोसंबीलाच भ्यायला लागेल.