नेत्रभिंगाची निर्मलता आणि पेशीतील अग्नी



मुळा-मुठा आणि भीमा यांच्या बेचक्यातील राहू परिसर ऊस आणि गुऱ्हाळे यांसाठी ओळखला जातो. येथील आमच्या रुग्णांत चुलवाणापुढे बसून चिपाडे आत लोटण्यात हयात घालविलेले एक वृद्ध गृहस्थ होते. 'डॉक्टर, चष्म्याचा नंबर टिकत नाही,' ही त्यांची तक्रार. आम्ही तिमिराचे निदान केले, त्रिफलाघृत आणि अंजन योजिले. रुग्ण समाधानी होता, आम्हीही होतो. रक्तशर्करा तपासावयास हवी होती, ती आम्ही तपासली नाही. सुमारे वर्षाने एका रात्री डोळा लाल, अर्धे डोके फुटल्यासारखे आणि उलट्या, अशा अवस्थेत त्यांना मुलाने आणले. प्रथमदर्शनी आम्हांस अर्धावभेदकाची शंका आली. सुदैवाने तेवढ्यावर न थांबता त्यांना रात्रीच पुण्यास नेत्रतज्ज्ञांकडे धाडले. पिकलेले भिंग फुगून डोळ्यातील पाण्याचा निचरा अडला होता, दाब वाढला होता. त्या डोळ्याची दृष्टी परत आली नाही. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया वेळेवर झाली, एवढेच समाधान.

त्या भिंगात वर्षभर काय घडत होते, याचा शोध घेताना जे वाचनात आले ते येथे मांडीत आहोत.

नेत्रभिंग, ज्यास पुष्कळ लेखक दृष्टिमणी म्हणतात, त्याच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा असतो. इतके दाट प्रथिन असूनही ते पारदर्शक राहते, याचे कारण प्रथिनांची घट्ट पण सुव्यवस्थित मांडणी. त्यात रक्तवाहिनी नाही. प्रौढ तंतुपेशींत केंद्रक नाही आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकाही नाहीत. प्रकाशाच्या वाटेत आडवे येईल असे सारे त्या पेशी स्वतःच मोडून टाकतात. त्याची किंमत अशी की नादुरुस्त प्रथिन बदलून नवे घडविण्याची सोयही जाते. भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने आपण जन्मलो तेव्हाचीच असतात.

मग हे भिंग जगते कशावर? भोवतालच्या नेत्रजलातील ग्लुकोजवर. त्याचा मोठा भाग प्राणवायूविना, म्हणजे मंद आचेवर, पचविला जातो. प्राणवायूवर चालणारे ज्वलन मुख्यतः पुढील आवरणपेशींत आणि बाहेरील कोवळ्या तंतूंत होते. या ऊर्जेचे, म्हणजे एटीपीचे, प्रमुख काम सोडियम बाहेर फेकणाऱ्या पंपास चालविणे. पंप थकला की सोडियम आत साचते, त्यामागे पाणी येते, तंतू फुगतात, मांडणी विस्कटते आणि प्रकाश विखुरतो. ग्लुकोजचाच एक लहान वाटा दुसऱ्या मार्गाने जाऊन ग्लुटाथायोन या रक्षक द्रव्यास ताजेतवाने ठेवतो. ते वयानुसार गाभ्यात कमी होत जाते. 2017 साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी एटीपीचे आणखी एक रूप दाखविले. ऊर्जेखेरीज, पेशींत असते तेवढ्या प्रमाणात ते प्रथिनांस विरघळलेले ठेवण्यासही साह्य करते. भिंगासारख्या प्रथिनदाट अवयवाच्या दृष्टीने हे विचार करण्याजोगे आहे.

परंतु येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. अग्नी जितका प्रखर तितके भिंग स्वच्छ, असा अर्थ काढू नये. भिंगाभोवती प्राणवायू निसर्गतः फारच थोडा असतो. डोळ्यातील मागचा पारदर्शक गर शस्त्रक्रियेने काढल्यावर भिंगापाशी प्राणवायू वाढतो आणि बहुतेक ज्येष्ठ रुग्णांत दोनएक वर्षांत गाभ्याचा मोतीबिंदू होतो. सुश्रुताचार्यांनी दृष्टीस मसुराच्या डाळीएवढी, काजव्याच्या तेजासारखी म्हटले आणि ती शीतसात्म्य सांगितली, ते या ठिकाणी आठवते. काजव्याचा प्रकाशही एटीपीवरच पेटतो, हे 1947 साली सिद्ध झाले. गंमत म्हणून हे सांगितले. आचार्यांस एटीपी ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह आपल्या व्यासपीठांवर वारंवार दिसतो, त्याने शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही. त्यांचे निरीक्षण मात्र अचूक होते. आलोचक पित्ताच्या स्थानी उष्णतेपासून जपावे, हा त्याचा व्यवहार्य अर्थ.

आता आमच्या रुग्णाकडे वळू. रक्तशर्करा वाढली की भिंगात जादा शिरलेले ग्लुकोज सॉर्बिटॉल बनते. ते पेशीबाहेर सहज पडत नाही, पाणी ओढून घेते. भिंगाची वक्रता बदलते, म्हणून चष्म्याचा नंबर काही आठवड्यांत हलतो. हे लक्षण तिमिराचे नव्हे, प्रमेहाच्या दारावरची थाप होय. असा रुग्ण आला की आधी रक्तशर्करा पाहावी. ती आटोक्यात येतानाही नंबर पुन्हा बदलतो, तेव्हा शर्करा काही आठवडे स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू देऊ नये. उपाशीपोटीची साखर ठीक असली तरी जेवणानंतरचीही पाहावी. गुळाच्या गावात 'गूळ चालतो' ही समजूत फार पक्की आहे. आम्ही ती रोज मोडतो आणि ती रोज पुन्हा उभी राहते.

भट्टीसमोर वर्षानुवर्षे बसणाऱ्या काचकामगारांत मोतीबिंदू लवकर होतो, हे फार पूर्वीपासून ज्ञात आहे. उष्णता बुबुळाभोवतीच्या पडद्यात शोषली जाऊन भिंगास पोचते. नेत्ररोगांच्या हेतूंत सुश्रुताचार्यांनी धूर मोजला आहे, आणि तापलेल्या शरीराने थंड पाण्यात शिरणेही. गुऱ्हाळावरील कामगार हे दोन्ही करतो. त्यात बिडीची भर पडली की गाभ्याचा मोतीबिंदू अधिक संभवतो. चुलवाणाच्या तोंडाशी आडोसा, कामाची पाळी बदलणे आणि शेतात रुंद कडेची टोपी, एवढे आपण सांगू शकतो. सांधेदुखीच्या अनामिक पुड्यांविषयीही विचारावे. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असेल तर भिंगाच्या मागील पृष्ठावर अपारदर्शकता येते, आणि ती उन्हात अधिक त्रास देते.

औषधांविषयी प्रामाणिकपणे लिहावयाचे तर असे : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आवळ्याने मधुमेही उंदरांतील मोतीबिंदू लांबल्याचे दिसले. लांबला, गेला नव्हे, आणि तेही उंदरांत. उलट 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या मानवी अभ्यासात 'क' आणि 'ई' जीवनसत्त्व व बीटा कॅरोटीन यांनी मोतीबिंदूवर काही फरक पडला नाही. म्हणून प्रमेहावर नियंत्रण, धूम्रत्याग, आवळा-त्रिफळा आहारौषधीच्या जागी, एवढीच आमची आजची मर्यादा. अंड्याचा बलक एकदा शिजला की थंड केल्याने पुन्हा पातळ होत नाही. तसेच गुठळी झालेल्या भिंगप्रथिनाचे आहे. तेथे ना ऊर्जा पोचते, ना घृत.

आपल्या ग्रंथांनी हे कधीच लपविले नाही. तिमिराची उपेक्षा केली तर काच आणि काचाची उपेक्षा केली तर आंधळेपणा, म्हणून तिमिरावर त्वरा करावी, असे वाग्भटाचार्य बजावतात. कफज लिंगनाशास सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या सतराव्या अध्यायात शस्त्रकर्मच सांगितले. भिंग बाजूस सारण्याऐवजी आज ते काढून कृत्रिम भिंग बसवितात, दिशा तीच आहे. 2020 च्या अधिसूचनेने शालाक्याच्या पदव्युत्तरांस या शस्त्रकर्माची वाट मोकळी केली, त्यावरून वादही झाले. आम्हां पदवीधर वैद्यांचा प्रश्न त्याहून साधा आहे : रुग्णास केव्हा सोडावे?

आमच्या दवाखान्यात आता साठीपुढील प्रत्येकाचा एकेक डोळा झाकून भिंतीवरील तक्ता वाचून घेतो, बाहुलीत टॉर्च मारून पाहतो. बाहुली पांढरट दिसली, बोटे मोजण्यापुरतेच दिसू लागले, किंवा चुलीवर, बांधावर, वाचनात अडू लागले, की रुग्णास पुण्यातील हडपसरजवळच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयासारख्या ठिकाणी अथवा ससून रुग्णालयात पाठवितो. दुखणारा लाल डोळा, उलटी आणि धूसर दृष्टी एकत्र आली तर त्याच दिवशी. सोबत रक्तशर्करा, रक्तदाब आणि चालू औषधांची चिठ्ठी देतो. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा आमच्याकडे आल्यावर आम्ही काहीही डोळ्यात घालत नाही, तेथील थेंबच चालू ठेवतो, आणि प्रमेहाची चिकित्सा नव्याने मांडतो. त्या वृद्ध गृहस्थांची रक्तशर्करा आता त्यांची सून दर पंधरवड्यास वहीत लिहून आणते.