वृद्ध माता-पित्यांचा सांभाळ : निर्णय केव्हा आणि कोणी घ्यावा?

पूस नदीच्या काठी वसलेले पुसद हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील शिक्षणाचे महत्त्वाचे केंद्र होय. याच तालुक्यातील गहुली या लहानशा गावी जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. फुलसिंग नाईक महाविद्यालय, १९८३ साली सुरू झालेले बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्थांमधून शेतकऱ्यांची व तांड्यांवरील कुटुंबांची मुले शिकली आणि नोकरीनिमित्त पुणे, मुंबई, नागपूर येथे गेली. ज्यांना शिक्षण साधले नाही, त्यांपैकीही अनेक जण हंगाम संपताच कामासाठी बाहेर पडतात. मागे घर सांभाळण्यास उरतात ते वृद्ध आई-वडील. २०११ च्या जनगणनेत राज्याच्या लोकसंख्येत साठ व त्यावरील वयाच्या व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के होते, देशाचे ८.६ टक्के होते.

या वृद्धांचा सांभाळ कोणी व कसा करावा, हा प्रश्न बहुतेक घरांत दोनच वेळी निघतो. एक, घरातील कोणी अंथरुणाला खिळल्यावर. आणि दुसरा, शेताची वाटणी करताना. दोन्ही वेळा चुकीच्या होत. पहिल्या वेळी घाई असते आणि दुसऱ्या वेळी मने शेतीच्या तुकड्यांत गुंतलेली असतात. वाटणीच्या बैठकीत विहिरीच्या पाण्याची पाळी ठरते, त्याच ओघात आई-वडिलांचीही पाळी ठरते. आई थोरल्याकडे, वडील धाकट्याकडे. किंवा दोघेही दर महिन्याला या घरातून त्या घरात. पन्नास वर्षांचा संसार एकत्र केलेल्या जोडप्याची अशी विभागणी हिशेबाला सोयीची असली, तरी तिला व्यवस्था म्हणणे कठीण आहे. औषधे एका घरी राहतात, कागदपत्रे दुसऱ्या घरी, आणि दुखणे कोणाच्या पाळीत सुरू झाले यावर वाद होतो.

पर्यायांचा विचार

पर्यायाची निवड करताना मुलांची सोय हा प्रारंभबिंदू नसावा. वृद्ध व्यक्तीची अवस्था हा असावा. ती स्वतः उठते-बसते काय, स्नान व जेवण स्वतः करते काय, औषधाची वेळ लक्षात ठेवते काय, रात्री सोबतीची गरज आहे काय, हे आधी पाहावे. ज्यांचे हातपाय चालतात, त्यांना गावातच राहू देणे पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. पुसदच्या गावातील वाडा, शेजारी आणि मारुतीचा पार सोडून पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत आणलेल्या गृहस्थाला सुखसोयी मिळतात, परंतु बोलायला माणूस मिळत नाही. अशा वेळी शहरातील मुलाने नियमित पैसा, शेजारच्या नातलगाने रोजची विचारपूस आणि गावातील आशा कार्यकर्तीशी संपर्क, अशी जोड घालता येते.

विस्मरणाचा विकार जडलेल्या किंवा अंथरुणावर असलेल्या व्यक्तीला मात्र एकटे ठेवता येत नाही. तिच्यासाठी कोणाचे तरी एक घर निश्चित करावे. पाळी लावायचीच असेल, तर ती खर्चाची लावावी, माणसाची नव्हे. सेवा एका घरी आणि पैसा सर्वांचा, ही वाटणी अधिक न्याय्य होय. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलावयास हवी. प्रत्यक्ष सेवा बहुधा सुनेच्या हातून होते. तिला न विचारता तिच्या श्रमांवर ठराव करणारी बैठक पुढे कलहाचेच बीज पेरते.

वृद्धाश्रमाचा पर्याय लाजेने टाळला जातो. स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना साहाय्य देण्याची राज्याची योजना १९६३ पासूनची आहे, तर मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ ची. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातील उमरी पठार येथील संत दोला महाराज वृद्धाश्रम परिचित आहे. ज्यांना पाहणारे कोणीच नाही, त्यांच्यासाठी असा आश्रम उपेक्षित घरापेक्षा निश्चितच बरा. मात्र वृद्ध व्यक्तीने स्वतः तेथे जाऊन, रात्री कोण असते, डॉक्टर केव्हा येतात, पती-पत्नींना एकत्र राहता येते काय, हे विचारून मगच संमती द्यावी.

सातबारा आणि सांभाळ

ग्रामीण भागात सांभाळाचा प्रश्न अखेर जमिनीपाशी येऊन ठेपतो. मुलाच्या नावे शेती किंवा राहते घर बक्षीसपत्राने करून देण्यास राज्यात मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. व्यवहार स्वस्त असल्याने तो झटपट होतो. "आपलाच मुलगा आहे, लिहून काय घ्यायचे?" या विचाराने वडील सही करतात आणि सातबाऱ्यावरून नाव गेल्यावर घरातील त्यांचे स्थान बदलल्याचे त्यांना जाणवते.

यासाठीच आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ चे कलम २३ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. मूलभूत सुविधा व शारीरिक गरजा पुरविण्याच्या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. मात्र अट असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ च्या निर्णयात मध्य प्रदेशातील छतरपूर येथील एका मातेने मुलास दिलेले बक्षीसपत्र न्यायालयाने रद्द केले. त्या प्रकरणात सांभाळाचे वचनपत्र मुलाने लिहून दिलेले होते, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. तात्पर्य, सांभाळाची अट बक्षीसपत्रातच लिहावी आणि हयातीपर्यंत राहण्याचा व उत्पन्न घेण्याचा हक्क स्वतःकडे राखावा. त्याहून सोपा मार्ग मृत्युपत्राचा. ते मृत्यूनंतरच अंमलात येते आणि तोवर केव्हाही बदलता येते.

महाराष्ट्रात हा अधिनियम १ मार्च २००९ पासून लागू आहे. चरितार्थासाठी अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. मुलगा पुण्यात असला, तरी पुसदमध्ये राहणाऱ्या आईला येथेच अर्ज करता येतो. ती असमर्थ असल्यास तिने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो आणि नोटीस बजावल्यापासून साधारणतः ९० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. कायद्याच्या 'अपत्य' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात येतात. सून येत नाही. मुलीची जबाबदारी तर सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच कल्याण येथील एका डॉक्टर महिलेच्या प्रकरणात मान्य केली होती. त्यामुळे बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेताना भावांनी जबाबदारीचाही विचार करावा, हे ओघाने आले.

नोकरदारांच्या बाबतीत लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये एक वेगळा ठराव केला. आई-वडिलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून ती त्यांच्या खात्यात जमा करावी, असा तो ठराव होय. ठरावाची वेळ शिक्षकांवर व शासकीय सेवकांवर यावी, हे काही भूषणावह नाही.

शासकीय साहाय्याचा उपयोगही या नियोजनात करून घ्यावा. ६५ वर्षांवरील निराधारांना श्रावणबाळ योजनेतून जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. ते पासबुक मात्र वृद्धाच्याच हाती असावे. सत्तरी पार केलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास २०२२ पासून मोफत आहे. अडचणीच्या वेळी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक उपयोगी पडतो.

पंचायत सदस्यांना या कामी एक संधी आपोआप मिळते. खरेदी, बक्षीसपत्र वा वाटणी झाली की ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, फेरफाराची नोंद घेतात आणि तिची नोटीस चावडीवर लागते. हरकतीसाठी पंधरा दिवसांचा अवधी असतो. त्या कागदावर एखाद्या वृद्धाचे नाव कमी होताना दिसले, तर सदस्याने त्याच्या ओसरीवर जाऊन, मुले घरात नसताना, एवढेच विचारावे की बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहिली आहे काय, आणि सही करण्यापूर्वी ते त्याला वाचून दाखविले होते काय.