आधी पुढचा हात शोध

चि. सईस,


महापुराबद्दल लोकांना जागं करणारी चित्रफीत आणि तिच्या जोडीला पूरग्रस्तांना मदत मागता येईल असं अ‍ॅप, हा तुमच्या गटाचा बेत तू कळवलास आणि माझं मत विचारलंस. बेत चांगला आहे. चित्रफितीत काय दाखवायचं, अ‍ॅपमध्ये काय काय हवं, याची पानभर यादी तू दिली आहेस. मात्र ते पाहून पुढे कोणी काय करायचं, याबद्दल त्यात एकही ओळ नाही. मला बोलायचं आहे ते या राहून गेलेल्या ओळीबद्दल. कल्पकतेने माणसाचं मन हलतं आणि तंत्रज्ञानामुळे हजारोंची मनं एकदम हलवता येतात. पण हललेल्या मनाला काम देणारा कोणी पुढे उभा नसेल, तर तुमची मेहनतही वाया जाते आणि लोकांचा कळवळाही. म्हणून काय बनवायचं हे ठरवण्याआधी, बनवलेलं कोणाच्या हाती द्यायचं ते ठरवा.

या चुकीचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे ‘कोनी 2012’. मुलांना पळवून नेऊन त्यांच्या हाती बंदुका देणारा युगांडातला बंडखोर जोसेफ कोनी पकडला जावा, म्हणून एका अमेरिकन संस्थेने 5 मार्च 2012 रोजी ही अर्ध्या तासाची फिल्म इंटरनेटवर टाकली. सहा दिवसांत ती दहा कोटी वेळा पाहिली गेली आणि ती पसरवणारे बहुतेक तुझ्याच वयाचे होते. 20 एप्रिलच्या रात्री गावोगाव पोस्टरं लावायची हाक दिली होती. प्रत्यक्षात अगदी थोडे बाहेर पडले. त्याहून बोलकी गोष्ट उत्तर युगांडात घडली. लिरा शहरात ती फिल्म पडद्यावर दाखवली, तेव्हा ज्यांनी हे दुःख भोगलं होतं तेच प्रेक्षक संतापले आणि दगडफेक झाली. कोनी काही वर्षांपूर्वीच युगांडा सोडून गेला होता. तिथे प्रश्न उरला होता तो सुटून आलेल्या मुलांचा आणि उद्ध्वस्त घरांचा. फिल्म मात्र कोनीला जगप्रसिद्ध करत होती. कौशल्यात ती कुठेच कमी नव्हती; ज्यांचं दुःख होतं, त्यांना काय हवंय हे तिने विचारलं नव्हतं.

यावर तू म्हणशील, 2014 मध्ये डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायची टूम निघाली, ती तर निव्वळ गंमत होती, तरी यशस्वी झालीच की. झाली, आणि का झाली ते पाहण्यासारखं आहे. तिच्यामागे एएलएस या मज्जातंतूंच्या दुर्धर आजारावर काम करणारी अमेरिकेतली संस्था आधीपासून उभी होती. मागणं सोपं होतं: पैसे द्या. त्या उन्हाळ्यात संस्थेकडे सुमारे साडेअकरा कोटी डॉलर जमले, त्यातला मोठा वाटा संशोधनाकडे गेला आणि 2016 मध्ये या आजाराशी संबंधित एका जनुकाचा शोध लावणाऱ्या प्रकल्पाला त्यातून हातभार लागला. म्हणजे गमतीला हरकत नाही. तिच्यामागे हिशेब ठेवणारं आणि पैसा कामाला लावणारं कोणी असलं पाहिजे.

साधन आणि ते कामाला लावणारे हात, या जोडीचं दुसरं रूप हैतीत दिसलं. 12 जानेवारी 2010 च्या भूकंपात पोर्त-ओ-प्रँस कोसळलं, तेव्हा ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावर त्या शहराचा बराचसा भाग कोराच होता. जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रं पाहून रस्ते आणि इमारती भरल्या, आणि बचावपथकं तोच नकाशा आपल्या जीपीएस यंत्रांत घालून फिरली. 4636 या क्रमांकावर येणारे क्रिओल भाषेतले निरोप परदेशी राहणाऱ्या हैतीयन लोकांनी भाषांतरित केले आणि टफ्ट्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ते नकाशावर मांडले. आलेल्या प्रत्येक हाकेला मदत पोचली असं नाही, पण नकाशा ज्यांना हवा होता त्यांच्या हाती पडला. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपाआधीच काठमांडूतल्या तरुणांनी, ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ या संस्थेमार्फत, आपल्या शहराच्या इमारती आणि रस्ते नकाशावर आणून ठेवले होते. संकट आल्यावर सुचलेल्या युक्तीपेक्षा आधी निमूटपणे केलेली ही तयारी मला मोलाची वाटते, कारण आणीबाणीत नवं साधन शिकायला कोणाला वेळ नसतो.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांकडून येईल: पुरात होडी लागते, लॅपटॉप नव्हे. ऑगस्ट 2018 मध्ये केरळात मच्छीमारांनी आपल्या होड्या घालून हजारोंचे जीव वाचवले, तेव्हा या आक्षेपात तथ्य आहेच. पण होडी कुठल्या गल्लीत न्यायची हेही कोणीतरी सांगावं लागतं. तिथल्या तरुण अभियंत्यांनी राज्याच्या आयटी मिशनसोबत उभारलेल्या ‘केरळा रेस्क्यू’ने मदतीच्या मागण्या एका जागी आणल्या. त्याची दुखणीही लक्षात घे. एकाच घरासाठी दूरदूरचे नातेवाईक वेगवेगळ्या नोंदी करत, आणि माणसं सुटल्यावरही नोंद तशीच राही. म्हणून फोन करून खातरजमा करणारे, जुनी नोंद मिटवणारे स्वयंसेवक लागले. हे कंटाळवाणं काम आहे, त्याला टाळ्या मिळत नाहीत, पण ते नसेल तर होडी रिकाम्या घरापाशी जाते. शिवाय अडचणीतल्या माणसाचा पत्ता, फोन आणि चेहरा तुमच्याकडे येतो तो सुटकेपुरता. त्याच्या संमतीशिवाय त्याची चित्रफीत करू नका, आणि काम झालं की ती माहिती पुसून टाका.

तेव्हा तुमच्या बेताचा क्रम उलटा करा. कृष्णाकाठचं एकच गाव निवडा, आणि जा ते कोरड्या दिवसांत. 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी कुठून शिरलं, कोण अडकलं, कोणता निरोप उशिरा पोचला, हे ग्रामपंचायत, तलाठी, आशाताई आणि नावाडी यांना विचारा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना आधी कोण बाहेर काढणार, हे गावानेच ठरवू द्या. गल्ल्या, उंचवटे आणि निवाऱ्याच्या शाळा खुल्या नकाशावर मराठी नावांनी भरा, आणि त्याची छापील प्रत पंचायतीत लावा, कारण पुरात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. अ‍ॅप लागेल की साधी फोनची यादी पुरेल, ते त्यानंतर कळेल. चित्रफीत शेवटी करा, आणि तिच्यात दुसऱ्या गावच्या मुलांना हेच काम कसं करायचं ते दाखवा. ती किती जणांनी पाहिली हे मला कळवू नकोस; ती पाहून किती गावांनी आपला नकाशा केला, ते कळव.

तुझा,
काका