लीद, पेंढा आणि प्रवेश अर्ज

प्राण्यांच्या सहवासातून उपचार करणाऱ्या शेतावर स्वयंसेवक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या दिवशी लगाम नव्हे तर फावडे येते, आणि पालकांची नाराजी बहुधा तेथूनच सुरू होते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ब्रूस्टर येथे सॅम्युएल रॉस यांनी 1947 मध्ये एका दुभत्या जनावरांच्या शेतावर सुरू केलेल्या ‘ग्रीन चिमनीज’ या संस्थेत मात्र भावनिक अडचणी असलेली मुले जनावरांची निगा राखतात ती उपचाराचाच भाग म्हणून. त्यामुळे ठाण झाडण्याला हलके काम म्हणण्याची सोय तेथे मुळातच उरत नाही.

या कामाचे शास्त्र अश्वोपचारात, म्हणजे घोड्याच्या चालीचा उपयोग करून प्रशिक्षित उपचारतज्ज्ञाने रुग्णाचा तोल व स्नायू सुधारण्याच्या पद्धतीत, विशेष स्पष्ट होते. चालत्या घोड्याची पाठ स्वाराच्या कमरेला माणसाच्या चालण्याशी मिळतीजुळती हालचाल देते. परंतु खुरात एखादा खडा अडकला की घोडा पाय आखडता घेतो, त्याची लय मोडते आणि पाठीवरच्या मुलाला मिळणारी हालचालही वाकडी होते. म्हणून रोज आकड्याने टाचेकडून पुढे खूर कोरावा लागतो, तोही तळव्यातील मऊ त्रिकोणी भागाला न दुखावता. लिदीचेही तसेच आहे. मोठा घोडा दिवसाला साधारण 15 ते 20 किलो लीद टाकतो, आणि ती घटली वा कोरडी पडली तर पोटशूळाची शंका घेऊन पशुवैद्याला कळवावे लागते, कारण घोड्याला उलटी होत नसल्याने हे दुखणे पाहता पाहता जीवावर बेतू शकते. ही खूण सर्वांत आधी दिसते ती लीद भरणाऱ्यालाच.

पालकांनी घाणीपेक्षा धनुर्वाताची चिंता करणे अधिक रास्त ठरेल, कारण त्याचे जंतू लीदमिश्रित मातीत असू शकतात. मुलाची लस वेळेवर झाली आहे ना आणि घोड्याच्या मागे उभे न राहण्यासारखे नियम तेथे शिकवतात ना, एवढे आधी पाहावे.

प्रवेशाचा हिशेब मात्र सरळ मांडला पाहिजे. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो व तेथे फावड्याला एकही गुण नाही, उलट अमेरिकेतील पशुवैद्यकीय महाविद्यालये प्राण्यांसोबतच्या कामाचे तास विचारतात आणि पशुवैद्याच्या देखरेखीखालचे तास निराळे मोजतात, त्यामुळे तेथील मराठी कुटुंबांनी तारीखवार वही ठेवणे शहाणपणाचे. इकडच्या विद्यार्थ्याला जवळची गोशाळाही पुरते, कारण दावण झाडताना जनावर वाचायचे कसब तेच असते. दोन महिन्यांत त्याला वासाचा आणि पहाटे उठण्याचा वीट आला, तरी साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी ते कळलेले बरे.