पदरचे पैसे घालून परदेशात गायला का जातात?

प्रश्न : माझी भाची इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ नोकरी करते आणि दर मंगळवारी संध्याकाळी तिथल्या एका हौशी गायकवृंदात गाते. यंदाच्या उन्हाळ्यात हा सगळा वृंद इटलीला दौऱ्यावर जाऊन आला. विमानाचं तिकीट, हॉटेल, सगळा खर्च तिनं स्वतः केला, आणि कार्यक्रमांना तिकीट नव्हतं म्हणे. मग याला दौरा का म्हणायचं? ही गाण्याच्या नावाखाली केलेली सहलच नाही का? शिवाय अनोळखी हौशी मंडळींचं गाणं ऐकायला तिथे येतं तरी कोण? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, आणि ती येण्याचं कारण आपल्या सवयीत आहे. आपल्याकडचा गायक परदेशी जातो तो कोणीतरी बोलावलं म्हणून. तिथलं महाराष्ट्र मंडळ किंवा एखादा आयोजक तिकीट काढतो, मानधन ठरवतो, सभागृह भरवतो. पैसा श्रोत्यांकडून गायकाकडे येतो. हौशी गायकवृंदाची रीत नेमकी उलटी. तिथे गाणाराच गाण्यासाठी पैसे मोजतो, आणि हे फक्त दौऱ्यातच नव्हे, वर्षभर चालतं. शिक्षक, परिचारिका, निवृत्त इंजिनिअर अशी माणसं वर्गणी भरतात. त्या वर्गणीतून तालमीच्या जागेचं भाडं निघतं आणि संचालकांना व पियानोच्या साथीदाराला मानधन मिळतं. बहुतेक वृंदांत पैसे मिळतात ते या दोघांनाच. आषाढीला दिंडीतला वारकरी आपली भिशी भरतो आणि वाटभर अभंग गातो. त्याला कोणी बोलावलं होतं, हे आपण विचारत नाही. तुमच्या भाचीचा हिशेबही तसाच आहे.

दौऱ्याचा खर्च सगळे मिळून वाटून घेतात. कोणाला परवडत नसेल तर आधी गावात एक-दोन कार्यक्रम करून निधी उभा करतात. गाणाऱ्यांचे नवरे-बायकाही सोबत निघतात. त्यामुळे एक बस भरते आणि माणशी खर्च थोडा उतरतो. म्हणजे सहलीचा भाग त्यात आहेच, आणि तो कोणी लपवत नाही.

आता बोलावतं कोण? क्वचित कोणी बोलावतं. एरवी विचारावं लागतं. असे दौरे आखून देणाऱ्या खास प्रवासी कंपन्या आहेत. त्या चर्चशी पत्रव्यवहार करतात, तारीख ठरवतात. दुसरा मार्ग यजमान वृंदाचा. तिकडच्या एखाद्या हौशी वृंदाशी ओळख होते, दोघे मिळून कार्यक्रम करतात, पुढल्या वर्षी ते इकडे येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या गावागावांनी भगिनी-शहरांचे करार केले, त्यातून अशा कितीतरी जाण्यायेण्याच्या वाटा तयार झाल्या.

इंग्लंडमध्ये आणखी एक चांगली सोय आहे. तिथल्या कॅथीड्रलमध्ये सायंप्रार्थना गायनासह होते आणि त्यासाठी तिथला स्वतःचा वृंद असतो. उन्हाळ्यात हा वृंद सुट्टीवर जातो, पण प्रार्थना थांबत नाही. ती जागा पाहुणे वृंद भरून काढतात. अमेरिकेतल्या चर्चचे हौशी वृंद आठवडाभर मुक्काम ठोकून रोज संध्याकाळी गातात. मात्र कोणीही उठून यावं आणि गावं असं चालत नाही. कोणत्या दिवशी काय गाणार याची यादी कितीतरी आधी पाठवून मंजूर करून घ्यावी लागते.

ऐकायला कोण येतं, याचं उत्तर यातच आलं. प्रार्थनेला आलेले भाविक असतात. चर्च पाहायला आलेला प्रवासी सूर ऐकून बाकावर टेकतो. यजमान वृंदाचे नातेवाईक येतात. प्रवेश मोफत असतो, बाहेर पडताना दाराशी टोपली असते, ज्याला वाटेल तो तीत काही टाकतो. कधी चर्च भरतं, कधी वीसच माणसं असतात. पण निव्वळ गर्दीवर दौऱ्याचं यश मोजलं, तर गाणारे कशासाठी जातात ते हातून निसटतं.

ते जातात मुख्यतः वास्तूसाठी. तुमची भाची एरवी गाते ती एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये. तिच्या हातातलं संगीत मात्र बहुधा दगडी चर्चसाठी रचलेलं असतं. व्हेनिसच्या सेंट मार्क बॅसिलिकात जिओव्हानी गाब्रिएली १५८५ पासून १६१२ मध्ये निधन होईपर्यंत ऑर्गनवादक होता. त्यानं गायक-वादकांचे गट वेगवेगळ्या जागी उभे करून एकमेकांना उत्तर देणाऱ्या रचना केल्या, कारण ती इमारतच तशी होती. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये संगीतकार बाखनं १७२३ पासून १७५० पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, काम केलं. या रचना शाळेच्या हॉलमध्ये गाता येतात, पण तिथे त्या अर्ध्याच ऐकू येतात.

का, ते पाहू. दगडी भिंती आणि उंच कमानी आवाज शोषत नाहीत, परत पाठवतात. वृंद थांबला तरी शेवटचा स्वरमेळ कित्येक सेकंद हवेत राहतो. अनेकांना वाटतं की अशा घुमणाऱ्या जागेत चुका झाकल्या जातात. खरं तर उलट होतं. आधीचा स्वरमेळ विरायच्या आत पुढचा सुरू झालेला असतो, म्हणजे दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात. वृंद किंचित जरी उतरला असेल, तरी नवा सूर जुन्या सुराला घासतो आणि ते कानाला लगेच कळतं. झाकली जातात ती व्यंजनं. शब्द पुसट होतात. म्हणून संचालक लय कमी करतात, शब्दाच्या शेवटचं व्यंजन ठळक उच्चारायला सांगतात, आणि एक ओळ विरल्यावरच दुसरी उचलतात.

यात भर म्हणजे बरंचसं गाणं साथीशिवाय असतं. परदेशात वाद्यं नेणं महाग पडतं, हे एक कारण. दुसरं असं की चर्चसाठी रचलेलं पुष्कळ जुनं संगीत साथीशिवायही उत्तम उभं राहतं. आपल्या गायकाच्या पाठीशी तानपुरा असतो, षड्ज कानात सतत असतो. इथे संचालक ट्यूनिंग फोर्क वाजवून एक स्वर घेतात, त्यावरून सोप्रानो, आल्टो, टेनर, बास या चार गटांना आपापला पहिला स्वर गुणगुणून देतात, आणि तिथून पुढे एकमेकांच्या आवाजाचाच आधार. तोही मोठ्या चर्चमध्ये उशिरा पोहोचतो, त्यामुळे कानापेक्षा संचालकांच्या हाताकडे लक्ष ठेवावं लागतं. कार्यक्रमाआधी जागेवर अर्धा तास गाऊन बघतात तो याचसाठी. तो अर्धा तास चुकवून देखावे बघायला गेलेला गायक संध्याकाळी हटकून अडखळतो.

दौऱ्याचा दुसरा फायदा बाहेरून दिसत नाही. घरी दोन-तीन महिने तालीम करून एक कार्यक्रम होतो आणि वह्या मिटतात. दौऱ्यात तोच कार्यक्रम आठवड्यात चार वेळा, चार वेगळ्या जागी होतो. पहिल्या दिवशी डोळे कागदावर असतात, तिसऱ्या दिवशी ते वर येतात आणि गाणारे शेजाऱ्याचं ऐकू लागतात. मला विचाराल तर पदरचे पैसे एवढ्यासाठीच घालावेत. माणसं तीच असतात, पण परत येताना वृंद अधिक एकजीव झालेला असतो.

हौशी म्हणजे कच्चे, हाही समज सोडून द्यायला हवा. वेल्समध्ये लँगोलेन नावाचं एक छोटं गाव आहे. महायुद्ध संपल्यावर १९४७ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव सुरू झाला आणि देशोदेशींचे हौशी वृंद स्पर्धेला येऊ लागले. सुरुवातीच्या काळात गावकऱ्यांनी या पाहुण्यांना आपापल्या घरांत उतरवून घेतलं. १९५५ मध्ये इटलीतल्या मोडेना शहरातून पुरुषांचा एक वृंद आला. त्यात एक बेकरीवाले टेनर गात होते आणि त्यांच्यासोबत त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगाही. वृंदाला पहिलं बक्षीस मिळालं. तो मुलगा म्हणजे लुचानो पावारोत्ती. गायन हाच व्यवसाय करावा या निर्णयामागे त्या विजयाचा वाटा होता, हे त्यानं पुढे सांगितलं, आणि १९९५ मध्ये जगप्रसिद्ध होऊन तो पुन्हा त्याच गावात गायला. वडील शेवटपर्यंत हौशीच राहिले.

स्पर्धांचा विषय निघालाच आहे तर बातम्या वाचताना एक लक्षात ठेवा. २००० साली ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात सुरू झालेली जागतिक वृंदगान स्पर्धा आणि तशाच इतर काही स्पर्धा यांत सुवर्ण, रौप्य, कांस्य हे गुणांच्या टप्प्यांवर ठरतं, जसं आपल्या परीक्षेत प्रथम श्रेणी अनेकांना मिळते. एका गटात अनेक वृंदांना सुवर्ण मिळू शकतं. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याचं विजेतेपद वेगळं असतं. त्यामुळे सुवर्ण मिळालं म्हणजे जगात पहिले आले, असा अर्थ काढू नये. ते सुवर्ण खोटं आहे, असंही समजू नये.

असे दौरे फक्त तिकडचेच लोक करतात असं मात्र नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून मुलं स्वरलिपी वाचायला शिकत आली, त्यामुळे चार आवाजांचं गाणं तिथे रुजलेलं आहे. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी उभा केलेला परंज्योती अकॅडमी कोरस हा हौशी गायकांचाच वृंद. १९६७ मध्ये ते गेल्यावर कूमी वाडिया यांनी संचालन हाती घेतलं आणि हा वृंद अनेकदा परदेशांत गाऊन आला. परंज्योतींची ‘द्रविडियन डिथिरँब’ ही साथीशिवाय गायची रचना आज परदेशांतले वृंदही गातात. भाचीच्या वृंदाला पुढच्या दौऱ्यासाठी काही नवं हवं असेल, तर हे नाव तिला जरूर कळवा. मात्र रचना अवघड आहे, तालमीला पुरेसे मंगळवार हाताशी ठेवायला सांगा.