जुनी हिमालयन घेण्यापूर्वी



लांब पल्ल्यावर फिरलेल्या मोटारसायकलचा इतिहास मीटरवर थोडा आणि गाडीच्या अंगावर जास्त लिहिलेला असतो. रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन २०१६ साली बाजारात आली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची जागा ४५० ने घेतली. त्यामुळे जुन्या बाजारात ४११ पुष्कळ दिसते. पण सगळ्या ४११ सारख्या नाहीत. एबीएस २०१८ पासून मिळू लागले आणि एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या बीएस-६ आहेत. पावसाळ्यात घाट चढणाऱ्याने पंधरा-वीस हजार वाचतात म्हणून एबीएस नसलेली गाडी घेऊ नये.

किलोमीटरचा धसका बहुतेकांना असतो, आणि तो बराचसा अनाठायी आहे. वेळेवर ऑइल बदलून हायवेवर चाळीस हजार किलोमीटर धावलेले इंजिन तीन वर्षे सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या नऊ हजारांच्या गाडीपेक्षा अनेकदा चांगले निघते. उभ्या गाडीचे ऑइल सील कडक होतात, टाकी आतून गंजते, फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे पडतात आणि तेच खड्डे पुढे सील फाडतात. टाकीचे झाकण उघडून आत टॉर्च मारावा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर नऊ हजार सांगत असेल, पण पायदानाचे रबर गुळगुळीत, ग्रिप झिजलेल्या आणि स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेले असतील, तर मीटरवर विश्वास ठेवू नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या बिलांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात. ती ओळीने लावून पाहिली की आकडा कुठे मागे गेला ते कळते.

गाडी पाहायला जाताना इंजिन थंड ठेवायला आधीच सांगावे आणि पोहोचल्यावर त्यावर हात ठेवून खात्री करावी. तापवून ठेवलेली गाडी सहज सुरू होते आणि कुरकुर लपवते. सुरू होताना टॅपेटची थोडी टिकटिक चालते. खालून येणारी जड ठकठक चालत नाही. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे.

पडझडीचा शोध मात्र सर्वांत चिकाटीने घ्यावा, कारण टाकी आणि मडगार्ड रंगवता येतात, चासी सरळ करणे फार अवघड असते. क्लच-ब्रेकच्या लिव्हरची टोके आणि हँडलची टोके घासलेली असणे फारसे गंभीर नाही. उभी असताना कलंडलेली गाडीही तशी दिसते. हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडते तो थांबा चेपलेला असेल तर पुढून जोराची धडक बसलेली असू शकते. डबल स्टँडवर पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू फिरवावे. मधोमध खाच लागल्यासारखे अडकले तर कोनसेट गेला. मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवून चिमट्याची ढील पाहावी. टूरिंगच्या गाडीवर वर्षानुवर्षे सामान लादलेले असते, म्हणून कॅरिअर जिथे बसतो तिथले सांधे आणि हँडलच्या मानेजवळची वेल्डिंग बारकाईने पाहावी. केसाएवढी भेगही गाडी नाकारायला पुरेशी आहे. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून मागे ओढल्यावर दात उघडा पडत असेल तर चेनसेटचा खर्च भावातून वजा करावा. जादा लाइटसाठी मूळ वायरिंग कापून जोड दिलेले असतील तर तेही भावात धरावे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला असंख्य गाड्या पुरात बुडाल्या. अशी गाडी धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकली जाऊ शकते. सीटखाली, हेडलाइटच्या आत, वायरिंगच्या जोडांत आणि एअर फिल्टरच्या पेटीत वाळलेला बारीक गाळ राहतो. विम्याची पॉलिसीही बोलते: पाच वर्षांच्या गाडीवर नो क्लेम बोनस शून्य असेल तर का, हे विचारावे.

चासी आणि इंजिनवर कोरलेले नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहावेत. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला आकडा दिसला की व्यवहार तिथेच थांबवावा. एमपरिवहन ॲपवर नोंदणी, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. थकलेले ई-चलन वेगळे तपासावे लागते. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. गोवा किंवा कर्नाटक पासिंगच्या गाडीला तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते आणि महाराष्ट्रात रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. तेव्हा स्वस्त वाटलेली गाडी महाग पडते.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरतात. ‘नाव नंतर करू’ म्हणणारा विक्रेता टाळावा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक धरला जातो, म्हणजे घाई खरे तर विकणाऱ्यालाच हवी. आरसीवरील मालक स्वतः भेटत नसेल आणि सह्या करून ठेवलेले फॉर्म मध्यस्थ पुढे करत असेल तर ती गाडी सोडून द्यावी. विमाही चौदा दिवसांत नव्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यातला फरक भरण्याची तयारी ठेवावी.

— मामा